ते मेले

प्रसंग अगदी लहान होता. पाऊस नुकताच उघडला होता, एका जुन्या दगडी कठड्यावर ऊन पडले होते आणि बहिणीची पाच वर्षांची मुलगी माझ्या शेजारी पाय हलवत बसली होती. माझ्या हातात किल्ली होती. रिकामा हात जे करतो तेच मी करत होते. कठड्यावरचा एक पिवळट हिरवा डाग किल्लीच्या टोकाने खरवडत होते. तळहाताएवढा तो डाग, आणि त्याच्या कडेने व मधूनमधून बारीक काळ्या रेघा, जणू कोणी टाकाने एखाद्या देशाचा नकाशा काढून ठेवला असावा. किल्लीखाली आधी कोरडी करकर झाली, मग पूड सुटली आणि मग खालचा दगड दिसू लागला. इतकी वर्षे उजेड न पाहिलेली ती जागा, खपली निघाल्यावर दिसणाऱ्या कातडीसारखी, फिकट आणि नवखी होती. मुलगी पाय हलवायची थांबली आणि म्हणाली, “मावशी, मेलं का ते?” मी म्हटले, “अगं, डाग आहे तो. डाग कसा मरेल?” तिने मान डोलावली, पण तिचे समाधान झाले नव्हते हे उघड होते, आणि खरे सांगायचे तर माझेही झाले नव्हते.

तो डाग नव्हता हे मला ठाऊक होते. शाळेत दोन गुणांसाठी पाठ केलेले वाक्य अजून जिभेवर होते: दगडफूल म्हणजे कवक आणि शैवल यांचे सहजीवन. रात्री रोजनिशी लिहायला घेतली, ‘ते मेले’ एवढे दोन शब्द लिहिले आणि अडखळले. मुद्रितशोधन हा माझा व्यवसाय असल्यामुळे असे अडखळणे मला नवे नाही, पण या वेळी अडचण निराळी होती. बोलताना एक असेल तर ‘मेलं’ आणि अनेक असतील तर ‘मेले’ असा फरक आपण न चुकता करतो. प्रमाण लेखनात मात्र दोन्ही ठिकाणी ‘मेले’च लिहावे लागते. पूर्वी त्या नपुंसकलिंगी एकवचनावर अनुस्वार असे, तोही नियमांनी पुसून टाकला. त्यामुळे माझ्या वहीतल्या त्या दोन शब्दांवरून एक जीव मेला की पुष्कळ, हे कळायला मार्ग नव्हता.

आणि कोणी विचारले असते तर मलाही सांगता आले नसते.

पुढचे काही महिने मी त्या डागाविषयी जे हाती लागेल ते वाचत राहिले. त्यात कुतूहल थोडे आणि अपराधीपणा जास्त होता. नकाशासारख्या दिसणाऱ्या या दगडफुलाचे शास्त्रीय नावही ऱ्हायझोकार्पॉन जिऑग्राफिकम असेच आहे, म्हणजे नकाशा त्याच्या नावातच आहे. ते वर्षाला एक मिलिमीटरही वाढत नाही. ही वाढ इतकी संथ आणि इतकी नेमाने होते की रोलांड बेशेल या ऑस्ट्रियन वनस्पतिशास्त्रज्ञाने १९५० च्या सुमारास तिचाच कालमापनासाठी उपयोग सुरू केला. हिमनदी मागे हटल्यावर उघडा पडलेला दगड किती वर्षे उघडा आहे, हे त्याच्यावरच्या सर्वांत मोठ्या चकतीचा व्यास मोजून ठरवता येते. या हिशेबाने मी ऐन दुपारी, कंटाळा आला म्हणून, निदान माझ्या स्वतःच्या वयाइतका काळ खरवडून टाकला होता. २००५ साली याच जातीचे नमुने फोटॉन-एम२ या यानातून पृथ्वीबाहेर नेऊन सुमारे दोन आठवडे उघड्या अवकाशात ठेवण्यात आले होते. तिथे हवा नाही, पाणी नाही आणि सूर्याच्या अतिनील किरणांना अडवायला काहीही नाही. परत आणून ओले केल्यावर ते पूर्ववत जगू लागले. अवकाशातून परतलेल्या कुळातले ते माझ्या किल्लीपुढे मात्र टिकले नाही, हे वाचून मी पुस्तक मिटून ठेवले.

दगडफूल हा एक जीव नाही, हे माणसाला कळले त्याला फार काळ लोटलेला नाही. १८६७ साली सायमन श्वेंडेनर या स्विस वनस्पतिशास्त्रज्ञाने ते मांडले तेव्हा त्याच्या क्षेत्रातले बहुतेक जाणकार संतापले. ज्या वनस्पतींचे वर्गीकरण करण्यात त्यांची हयात गेली होती त्या वनस्पतीच नव्हेत, असे कोणी तरी सांगत होता. श्वेंडेनरची भाषाही सौम्य नव्हती. त्याच्या लेखी कवक हा मालक होता आणि हिरवी शैवले त्याचे गुलाम. कोळी भक्ष्याभोवती जाळे विणतो तसे कवकाने शैवलांभोवती तंतू विणलेले होते. जेम्स क्रॉम्बी या त्याच्या विरोधकाने तर बंदिवासातली शैवल-कन्या आणि जुलमी कवक-धनी अशी या कल्पनेची टर उडवली. हे वाचताना मला हसू आले, आणि लगेच असेही वाटले की टर उडवणाऱ्यानेही नकळत तेच चित्र अधिक ठसठशीत करून ठेवले. पुढे १८७८ साली आन्टोन दे बारी याने निरनिराळ्या जातींच्या जीवांचे एकत्र जगणे एवढ्यालाच एक कोरडे, तटस्थ नाव दिले, आणि त्या नावात त्याने परजीवीपणाही धरला होता. एकाने दुसऱ्याला पोखरून जगणे हाही त्याच्या मते एकत्र जगण्याचाच प्रकार होता. मराठीत येताना मात्र त्याचे ‘सहजीवन’ झाले, आणि या शब्दाला आपल्या भाषेत आधीपासून संसाराचा आणि शुभेच्छांचा वास आहे. पाठ्यपुस्तकातले ते दोन गुणांचे वाक्य मला इतकी वर्षे गोड का वाटत होते, याचे कारण विज्ञानात नव्हते, ते शब्दात होते.

एका मैत्रिणीच्या प्रयोगशाळेत मला त्याचा आडवा छेद पाहायला मिळाला. तिने पात्याने काढलेला तो काप केसापेक्षा जाड नव्हता. वर कवकाच्या तंतूंची घट्ट, गच्च बसलेली साय. तिच्याखाली हिरव्या गोळ्यांचा एक थर, मोहरीच्या दाण्यांसारख्या गोल पेशी. आणि त्याखाली पिंजलेल्या कापसासारखे सैल पांढरे तंतू. भिंग थोडे खाली नेले तेव्हा प्रत्येक हिरव्या गोळ्याला एक तरी तंतू बिलगलेला दिसला. काही तंतू नुसते टेकलेले होते, काहींनी बोटांसारखी पकड घेतली होती आणि एकदोन ठिकाणी तंतूचे टोक पेशीच्या भिंतीत शिरलेले होते. मैत्रीण म्हणाली, “हेच शैवल मोकळे वाढवले तर स्वतः केलेली साखर स्वतःपाशीच ठेवते. या पकडीत असेपर्यंत मात्र तिचा मोठा वाटा बाहेर झिरपत राहतो. पकडीतून काढले की काही काळातच झिरपणे थांबते.” मी विचारले की मग शैवलाला काय मिळते. ती म्हणाली की सावली मिळते, ओल मिळते, आणि जिथे ते एकटे एक दुपारही काढू शकले नसते अशा उघड्या कातळावर राहायला जागा मिळते. मग थोडे थांबून म्हणाली, “पण बहुतेक दगडफुलांत बीजुके कवकाचीच होतात, आणि हे हिरवे आत असेपर्यंत नुसते दुभंगून वाढते. हे लक्षात ठेव.”

मी भिंगातून बराच वेळ पाहत राहिले, आणि ती मिठी आहे की मूठ, हे मला ठरवता आले नाही.

दोघांचा हिशेब एवढ्यावर थांबला असता तरी माझ्या रोजनिशीतले अनेकवचन बरोबर ठरले असते. पण २०१६ साली टोबी स्प्रिबिल आणि त्याच्या सहकाऱ्यांनी तिसरा भागीदार दाखवून दिला, आणि तो प्रसंग मला फार आवडतो. झाडांवर दाढीसारखी लोंबणारी दोन दगडफुले होती. एक तपकिरी आणि निरुपद्रवी, दुसरे पिवळसर आणि व्हल्पिनिक आम्लामुळे विषारी. दोघांतले कवक एकच निघाले आणि शैवलही एकच. तरीही एक विषारी आणि दुसरे नाही, हे कोडे कोणाला सुटत नव्हते. त्यांनी शोधाचे जाळे थोडे मोठे केले तेव्हा वरच्या सालीत, तंतूंच्या गर्दीत रुतून बसलेल्या यीस्टच्या पेशी सापडल्या, आणि विषारी दगडफुलात त्या भरपूर होत्या. हे यीस्टही कवकच, पण अगदी वेगळ्या घराण्यातले; भूछत्रे ज्या शाखेत येतात त्या शाखेतले. दगडफुलाच्या मुख्य कवकाची शाखा आणि ही शाखा एकमेकींपासून फुटल्याला ४० कोटींहून अधिक वर्षे झाली आहेत. म्हणजे इतक्या जुन्या वाटणीनंतर वेगळी झालेली दोन कवके एकाच सालीत शेजारी राहत होती, आणि दीडशे वर्षे सूक्ष्मदर्शकाला डोळा लावून बसलेल्या माणसांना ती दिसली नव्हती. ते यीस्ट नेमके काय काम करते यावर नंतर वाद झाले आणि सगळ्याच दगडफुलांत ते सापडतही नाही. पण दोनच असणार असे एकदा पाठ झाले की तिसऱ्यासाठी कोणी पाहतच नाही, ही गोष्ट मला माझ्या व्यवसायातून चांगली परिचयाची आहे. पाचव्यांदा वाचलेल्या मजकुरातली चूक अशीच निसटते.

कवकांचे कवकांशी असलेले हे संबंध एकदा दिसू लागले की सगळीकडे दिसतात, आणि ते नेहमी सोज्वळ असतात असे नाही. केवळ दगडफुलांवर वाढणाऱ्या कवकांच्याच २००० हून अधिक जाती नोंदल्या गेल्या आहेत. त्यांतल्या काही यजमानाला हळूहळू खातात, तर काही वर्षानुवर्षे कसलाही उपद्रव न देता राहतात. डिप्लोशिस्टेस मस्कोरम नावाचे एक दगडफूल तर आयुष्याची सुरुवातच दरोड्याने करते. ते आधी क्लाडोनिया या दुसऱ्या दगडफुलावर परजीवी म्हणून रुजते, त्याचे शैवल ताब्यात घेते, त्यावर पोसते, आणि स्वतःचा जम बसला की ते शैवल सोडून आपल्या पसंतीचे दुसरे शैवल धरते. नंतर पाहणाऱ्याला एक स्वतंत्र, आब राखून असलेले दगडफूल दिसते. याच्या उलट, ट्रेमेला फ्युसिफॉर्मिस या पांढऱ्या, पारदर्शक, फुलासारख्या बुरशीची लागवड करणाऱ्यांना तिच्याबरोबर आणखी एक कवक मुद्दाम पेरावे लागते. लाकूड पचवण्याचे काम ते सोबतचे कवक करते. ते नसेल तर ही बुरशी लाकडावर नीट फुलत नाही. ट्रेमेलाची बरीचशी भावंडे इतर कवकांवर परजीवी म्हणून जगतात. तेव्हा या सोबतीला लागवड म्हणावे, मैत्री म्हणावे की जरा शिस्तीत चाललेली लूट, हा प्रश्न माझ्यापुरता उघडाच आहे.

स्कॉटलंडमधल्या ऱ्हायनी गावाजवळ सापडलेल्या गारगोटीसारख्या खडकात हा सगळा संसार सुमारे ४० कोटी ७० लाख वर्षांपूर्वीचा, जसाच्या तसा दगड होऊन राहिलेला आहे. उष्ण झऱ्याच्या सिलिकामिश्रित पाण्याने तिथल्या वनस्पती इतक्या चटकन गोठवल्या की त्यांच्या पेशीही मोजता येतात. त्या वनस्पतींना खरी मुळे नव्हती. जमिनीलगत आडव्या वाढणाऱ्या खोडांच्या पेशींमध्ये कवक शिरलेले आहे आणि तिथे त्याने झुडपासारख्या बारीक फांद्या काढलेल्या आहेत. आज जमिनीवरच्या बहुसंख्य वनस्पतींच्या मुळांत हेच चालते: कवक मातीतला फॉस्फरस आणून देते आणि वनस्पती त्याला अन्न देते. पाण्यातून जमिनीवर आलेल्या वनस्पती एकट्या आल्या नव्हत्या, कवकांच्या आधाराने आल्या, ही कल्पना पिरोझिन्स्की आणि मॅलॉक यांनी १९७५ साली मांडली, आणि ऱ्हायनीचा खडक तिच्या बाजूने साक्ष देतो. ही साक्ष सांगताना एक तपशील मात्र सहसा गाळला जातो. त्याच खडकात, वनस्पतीला मदत करणाऱ्या कवकांच्याच बीजुकांवर दुसरी सूक्ष्म कवके चढून त्यांना पोखरत असलेली दिसतात. काही बीजुकांच्या भिंतींनी आत जाडसर गुठळ्या वाढवून त्यांना अडवण्याचा प्रयत्नही केलेला आहे. देणेघेणे आणि कुरतडणे एकाच कापात आहे, आणि त्यांतले आधी कोणते हे त्या दगडाला विचारता येत नाही.

या सगळ्या वाचनात मला सर्वांत अस्वस्थ करणारी गोष्ट जनुकांच्या याद्यांमध्ये मिळाली. कवकांची झाडांशी झालेली भागीदारी आपण नेहमी कमाईची गोष्ट म्हणून सांगतो. कवकाला अन्न मिळाले, झाडाला खनिजे मिळाली. २०१५ साली अनेक कवकांचे जीनोम शेजारी ठेवून पाहिले तेव्हा गोष्ट निराळी दिसली. जंगलातल्या झाडांच्या मुळांभोवती म्यान विणणाऱ्या कवकांचे पूर्वज लाकूड आणि पालापाचोळा कुजवून जगत. त्यांच्यातून ही भागीदारी एकदा नव्हे, अनेकदा, निरनिराळ्या घराण्यांत स्वतंत्रपणे उपजली. आणि बहुतेक प्रत्येक वेळी तिच्याबरोबर एक गोष्ट घडली, ती म्हणजे लाकूड पचवणारी जनुके मोठ्या संख्येने गळून पडली. लाल छत्रीवर पांढरे ठिपके असलेली ती प्रसिद्ध अमानिता घ्या. तिच्या कुळातल्या ज्या जातींनी झाडांशी संबंध जोडला त्या सेल्युलोज पचवण्याची जनुके गमावून बसल्या, आणि ज्यांनी तो जोडला नाही त्यांच्याकडे ती अजून आहेत. बहुसंख्य वनस्पतींच्या मुळांत राहणारी ती प्राचीन कवके तर आणखी पुढे गेली आहेत. स्वतःचे मेदाम्ल नव्याने बनवणारी यंत्रणाच त्यांच्यापाशी उरलेली नाही. ते मेद वनस्पतीकडून घ्यावे लागते. कोणी हिसकावून घेतले नाही. गरज पडत नव्हती म्हणून एकेक बिघाड खपून गेला, आणि पुरेसे बिघाड खपल्यावर मागे जायची वाट राहिली नाही.

मी आणि माझी बहीण लहानपणी कधीही न ठरवता अशीच एक वाटणी करून बसलो होतो. रस्ते तिने लक्षात ठेवायचे आणि माणसांची नावे मी. कुठेही गेलो तरी ती पुढे असे, मी तिच्या वेणीकडे पाहत चाले. आणि समोरून कोणी ओळखीचे आले की ती कोपराने मला ढोसे आणि मी नाव पुटपुटे. ती लग्नानंतर दूर गेली तेव्हा माझ्या लक्षात आले की ज्या भागात मी जन्मापासून राहिले तिथल्या चौकात मला डावी-उजवी ठरवता येत नाही. तिचे अधूनमधून फोन येतात. नमस्कार-चमत्कार न करता ती विचारते, “ते कोण गं, चष्मेवाले, बाबांच्या बरोबरचे?” आम्ही दोघी त्यावर हसतो. त्या हसण्यात प्रेम आहे हे मी नाकारत नाही. पण ती गेली त्या पहिल्या महिन्यात एका वळणावर मी जशी उभी राहिले होते, त्यात प्रेम नव्हते. ती नुसती उणीव होती, हाताला एक बोट कमी असावे तशी.

प्रयोगशाळेत असे संबंध मुद्दाम घडवूनही पाहिले गेले आहेत. २०१४ साली एरिक हॉम आणि अँड्र्यू मरे यांनी यीस्ट आणि एक हिरवे शैवल एका बंद कुपीत ठेवले. कुपीत ग्लुकोज होते, ते यीस्ट खाई आणि कार्बन डायऑक्साइड सोडी. शैवल तो घेई. नायट्रोजन फक्त नायट्राइटच्या रूपात होता, तो यीस्टला वापरता येत नाही. शैवल त्याचा अमोनिया करी आणि त्यातला काही यीस्टला मिळे. या दोघांच्या घराण्यांत अशा संसाराचा काहीही पूर्वेतिहास नव्हता. झाकण घट्ट होते, एवढेच. तंतुमय कवके घेऊन तोच प्रयोग केला तेव्हा शैवलाच्या पेशी तंतूंना जाऊन चिकटल्या, आणि ते दृश्य मी मैत्रिणीच्या भिंगाखाली पाहिलेल्या दृश्यापासून फार लांबचे नव्हते. २०२४ साली झुरिकमध्ये याच्याही पुढे जाऊन ऱ्हायझोपस या बुरशीच्या तंतूत अतिसूक्ष्म सुईने जीवाणू टोचण्यात आले. कवकाच्या पेशीत दाब एवढा असतो की सुईतून काही आत सारायला त्यांना अखेर सायकलचा पंप जोडावा लागला, हे वाचून मला त्या शास्त्रज्ञांविषयी एकदम आपुलकी वाटली. एका जातीचे जीवाणू टोचले तेव्हा बुरशीने त्यांना कोंडून टाकले. दुसरी जात मात्र टिकली आणि तिच्यातले काही जीवाणू बीजुकांतही उतरले. सुरुवातीला अशी बीजुके नीट रुजत नव्हती. पण जीवाणू असलेलीच बीजुके निवडत गेल्यावर दहा पिढ्यांत ती बरीच सुधारली. ऱ्हायझोपसच्या निसर्गातल्या काही वाणांत असे जीवाणू आधीपासून असतात, आणि त्यांचे २००७ सालापासून माहीत असलेले वैशिष्ट्य असे, की औषध देऊन हे जीवाणू मारले तर बुरशी जगते, वाढते, पण बीजुके धरत नाही. पाहुण्याला घराबाहेर काढल्यावर यजमानाला मूल होत नाही, इथपर्यंत तो संबंध गेलेला आहे. जंगलातली झाडे कवकांच्या धाग्यांतून एकमेकांची विचारपूस करतात वगैरे हल्ली जे कौतुकाने सांगितले जाते, त्यातले पुष्कळसे पुराव्याच्या पुढे धावणारे आहे. आणि मला त्याची गरजही वाटत नाही. एका पंपाची, एका बंद झाकणाची आणि न धरलेल्या बीजुकांची गोष्ट माझ्यापुरती पुष्कळ आहे.

गेल्या महिन्यात, चार वर्षांनी, आम्ही पुन्हा त्या कठड्यापाशी गेलो. मुलगी आता नऊ वर्षांची आहे आणि तिच्याकडे स्वतःचे भिंग आहे. मी खरवडलेली जागा शोधावी लागली नाही. किल्लीचे ओरखडे जसेच्या तसे होते. त्या उघड्या दगडाच्या एका बाजूला जुन्या नकाशाचा माझ्या किल्लीतून सुटलेला काठ होता, आणि त्या काठाची काळी रेघ ओरखड्याच्या आत किंचित, अगदी किंचित सरकलेली होती. दुसऱ्या बाजूला राखेच्या रंगाचे चारपाच ठिपके होते; ते पूर्वीच्या नकाशाशी जुळत नव्हते. ती पालथी पडून कितीतरी वेळ पाहत होती. “हे नवे कोण आहेत?” असे तिने विचारले आणि मी म्हटले की मला ओळखता येत नाही, स्वतः आलेले असतील, किंवा जुन्याच्या जिवावर आलेले असतील. तिने त्या जागेचे छायाचित्र काढले. घरी आल्यावर ते छापून वहीत चिकटवले, खाली तारीख घातली आणि पेन्सिलीने एक ओळ लिहून वही माझ्यासमोर धरली, कारण तिच्या वह्या मीच तपासते.

‘ते मेले नाहीत.’

नकारात मात्र भाषा लपवत नाही. एक असते तर ‘नाही’ झाले असते. माझ्या पेन्सिलीचे टोक सवयीने त्या शेवटच्या ‘त’वर जाऊन टेकले होते. मी ते तिथे क्षणभर ठेवले आणि मग पेन्सिल उचलून तारखेतली वेलांटी दुरुस्त केली.